सरासरी बरोबर, जॉब रिजेक्ट

पिंपरी-चिंचवडच्या शाळांत शिकवणाऱ्या शिक्षकांना एक गोष्ट सांगायला नको. वर्गातल्या कितीतरी मुलांचे पालक भोसरी, आकुर्डी, तळवडे नाहीतर चाकणच्या कंपन्यांत कामाला असतात. कुणाचे वडील लेथवर, कुणाचे ग्राइंडिंगवर, कुणाची आई असेंब्लीच्या लाइनवर किंवा तपासणी विभागात. यांतले अनेक जण रोज मायक्रोमीटर हातात धरतात आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतात. त्यांची मुले शाळेत सरासरी काढतात. बेरीज करा, संख्येने भागा, उत्तर लिहा, खाली रेघ मारा.

ही सरासरी घेऊन आपण कारखान्यात गेलो तर तिचे काय होईल? समजा, २० मिलिमीटर व्यासाचे शाफ्ट करायचे आहेत. ड्रॉइंगवर लिहिले आहे, की ०.०५ मिलिमीटर अधिक-उणे चालेल. म्हणजे १९.९५ ते २०.०५ या मापातला जॉब पास. दोन मशीनवरचे पाच-पाच जॉब मोजले, ते असे आले:

पहिले मशीन: २०.००, २०.०१, १९.९९, २०.०१, १९.९९
दुसरे मशीन: २०.०६, १९.९४, २०.००, २०.०७, १९.९३

सरासरी काढून पाहा. दोन्हीकडे नेमकी २०.००. परीक्षेत दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण मिळतील. पण दुसऱ्या मशीनच्या पाच जॉबांपैकी चार रिजेक्ट! सरासरीत तिळमात्र चूक नाही आणि माल मात्र भंगारात.

सरासरी मध्य कुठे आहे ते सांगते, पण आकडे त्या मध्याभोवती किती विखुरले आहेत ते सांगत नाही. हे विखुरणे कसे मोजायचे, ते कारखान्यात कसे पोहोचले आणि सातवी-आठवीच्या वर्गात कसे आणता येईल, हे या लेखात पाहू. विखुरण मोजल्यावर आणखी एका प्रश्नाचे उत्तर हाती येते, आणि आमच्या मते ते सर्वांत महत्त्वाचे आहे. काही बिघडले तर जाब कुणाला विचारायचा?

चूक की वैविध्य?

विखुरणाचा विचार पहिल्यांदा नेटाने केला तो खगोलशास्त्रज्ञांनी. एकाच ताऱ्याचे स्थान दहा वेळा मोजले तर दहा वेगळे आकडे येतात. तारा तर एकच आहे, तेव्हा हे फरक मोजणीतल्या चुकांचे असणार. गाउसने १८०९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या चुकांचे गणित मांडले. तिथे विखुरण म्हणजे खरे मूल्य झाकणारे धुके होते. ते बाजूला सारायचे आणि मधला आकडा धरायचा.

बेल्जियमच्या केटले यांनी हीच दृष्टी माणसांना लावली. १८३५ साली त्यांनी ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली. त्यांच्या लेखी हा सरासरी माणूस म्हणजे निसर्गाचा नेम, आणि प्रत्यक्षातली उंच-बुटकी माणसे म्हणजे त्या नेमातली चूक. पण माणसाची उंची ही ताऱ्याच्या मोजणीसारखी चूक नव्हे. फरक खरोखरच तिथे असतात.

हे ठासून सांगितले ते इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टन यांनी. १८८९ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी सरासरीवर थांबणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांची थट्टा केली. सपाट मुलखातल्या माणसाने स्वित्झर्लंड पाहावे आणि वाटावे, की हे डोंगर उचलून तळ्यांत टाकले तर दोन्ही कटकटी एकदमच मिटतील, तशी ही वृत्ती आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. गाल्टन सर्व मापे चढत्या क्रमाने मांडत, त्यांचे चार भाग पाडत आणि मधल्या निम्म्या लोकसंख्येचा पट्टा किती रुंद आहे ते पाहत. आपल्या पुस्तकांतले चतुर्थक ते हेच. याच गाल्टन यांनी वंशसुधाराची घातक कल्पनाही मांडली होती. माणसांतले फरक मोजणे वेगळे आणि त्यांवरून माणसांना वरचे-खालचे ठरवणे वेगळे, हे वर्गात सांगायला विसरू नये.

त्यांच्या परंपरेतल्या कार्ल पिअर्सन यांनी १८९३ साली एका व्याख्यानात ‘प्रमाण विचलन’ या अर्थाचा शब्द प्रथम वापरला. प्रत्येक आकड्याचा सरासरीपासूनचा फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, वर्गांची सरासरी काढायची आणि शेवटी वर्गमूळ. हे माप आजही सर्वाधिक वापरले जाते. पण हातात ग्रीस लागलेले असताना, शिफ्ट चालू असताना, वर्गमूळ कोण काढत बसणार?

टेलिफोनच्या कारखान्यातले एक पान

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टेलिफोनचा प्रसार वेगाने होत होता. त्याची यंत्रसामग्री वेस्टर्न इलेक्ट्रिक ही कंपनी बनवीत असे. माल तयार करायचा, मग तपासायचा आणि वाईट निघेल तो बाजूला काढायचा, अशी तेव्हाची रीत होती. तिथल्या वॉल्टर शूहार्ट या तरुण पदार्थवैज्ञानिकाने १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना एक टिपण दिले. ते जेमतेम एका पानाचे होते आणि त्यात एक छोटी आकृती होती. जगातला पहिला नियंत्रण आलेख तो हाच.

शूहार्ट यांचे म्हणणे एका घरगुती उदाहरणाने समजते. एखादी मुलगी घरून शाळेत चालत येते. कधी १२ मिनिटे लागतात, कधी १४, कधी १६. का, असे विचारून काही हाती लागत नाही. रस्त्यावरची गर्दी, दप्तराचे ओझे, वाटेत भेटलेली मैत्रीण अशी शंभर बारीक कारणे मिळून तो फरक पडतो. पण एक दिवस तिला ४० मिनिटे लागली, तर नक्कीच काहीतरी झालेले असते आणि विचारले तर ते सापडते. फरक असे दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार त्या रोजच्या पद्धतीतच मुरलेला असतो, दुसऱ्याला शोधून काढता येईल असे वेगळे कारण असते.

दोन्हींमधली सीमा कुठे आखायची? ‘मला वाटते’ म्हणून चालणार नाही. नेहमीचे विखुरण किती, हे आधी मोजावे लागेल. शूहार्ट यांनी सरासरीच्या दोन्ही बाजूंना प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतरावर रेषा आखल्या. बिंदू रेषांच्या आत आहे तोवर एकेका जॉबवरून मशीनला हात लावायचा नाही. बाहेर गेला, की थांबून कारण शोधायचे. १९३१ साली त्यांनी हा सगळा विचार ग्रंथरूपाने मांडला.

कलकत्ता, मुंबई, पिंपरी

१९३१ सालीच कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली. त्यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात आले. देश स्वतंत्र होऊन काही महिनेच झाले होते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने परदेशी तज्ज्ञही आले आणि १९५३-५४ मध्ये संस्थेची गुणवत्ता नियंत्रण केंद्रे मुंबई, बंगळूर आणि कलकत्ता येथे सुरू झाली. नंतर पुण्यातही असे केंद्र निघाले. ही मंडळी कारखान्यांना सल्ला देत आणि तिथल्या लोकांना शिकवीत.

याच सुमारास पिंपरीचे रूप पालटू लागले. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. विखुरणाचा अर्थ औषधाच्या कुपीत जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच दुसरीकडे दिसेल. कुप्यांतल्या औषधाची सरासरी मात्रा बरोबर आहे, हे रोग्याला सांगून काय उपयोग? त्याला सरासरी कुपी मिळत नाही, त्याच्या वाट्याची एकच कुपी मिळते.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्या दशकात या परिसरात बजाजच्या स्कूटर आल्या, टेल्कोचा कारखाना आला, चिंचवडला बेअरिंगचा कारखाना आला. बेअरिंगमधल्या गोळ्यांचा विचार करा. एकच गोळी इतरांपेक्षा किंचित मोठी असेल, तर तिच्यावर जास्त भार येतो आणि ती लवकर झिजते. गोळ्यांची सरासरी अचूक असून भागत नाही, त्या एकमेकींसारख्या असाव्या लागतात.

मोठ्या कारखान्यांभोवती भोसरीसारख्या भागात लहान वर्कशॉप वाढली. एका शेडमध्ये शाफ्ट होतो, दुसऱ्या शेडमध्ये बुश. दोघांची गाठ तिसरीकडे, असेंब्लीच्या लाइनवर पडते. तिथे कानस घेऊन बसवायला कुणाला वेळ नसतो. कुठलाही शाफ्ट कुठल्याही बुशमध्ये बसलाच पाहिजे, आणि तो बसतो तो दोन्हींचे विखुरण लहान असते म्हणूनच. १९९९ साली बजाजचा कारखाना चाकणला सुरू झाला. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आणि २०१० साली महिंद्र तिथे आले. तसतसे हे जाळे उत्तरेकडे पसरत गेले. आज वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्यांसाठी आयएटीएफ १६९४९ हे २०१६ साली आलेले मानक आहे. त्यातही विखुरणाच्या या मोजणीला जागा आहे.

वजाबाकीवर भागले

वर्गमुळाच्या अडचणीवरचा उपाय शिक्षकांच्या विशेष उपयोगाचा आहे. तो साधा आहे. पाच जॉब मोजा आणि सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा करा. पहिल्या मशीनचे उत्तर ०.०२, दुसऱ्याचे ०.१४. यालाच ‘विस्तार’ म्हणतात. बस, विखुरण मोजून झाले.

हे माप ओबडधोबड वाटते, पण त्याच्यामागे पक्के गणित आहे. इंग्लंडमधील टिपेट यांनी १९२५ साली नमुन्याचा आकार आणि विस्तार यांचे नाते कोष्टकांत मांडले. मापे नेहमीच्या घंटाकृती वक्रानुसार पसरलेली असतील, तर पाचच्या नमुन्याचा विस्तार सरासरीने प्रमाण विचलनाच्या २.३३ पट असतो. म्हणजे पुष्कळ नमुन्यांच्या विस्तारांची सरासरी काढून तिला २.३३ ने भागले, की प्रमाण विचलनाचा चांगला अंदाज येतो. वर्गमूळ नाही की काही नाही. धोक्याची रेषाही तशीच सोपी आहे. पाचच्या नमुन्यासाठी सरासरी विस्ताराची २.११ पट करायची. एखाद्या नमुन्याचा विस्तार त्यापुढे गेला, की मशीन थांबवून पाहायचे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हीच पद्धत कारखान्यांतल्या हजारो लोकांना शिकवली गेली. हिशेबाची यंत्रे तेव्हा महाग होती, स्वस्त कॅल्क्युलेटर यायला आणखी तीस वर्षे होती. कागद, पेन्सिल आणि वजाबाकी एवढ्यावर काम चालले. आज संगणक क्षणात प्रमाण विचलन काढून देतो, तरी विस्ताराचा आलेख कारखान्यांतून हद्दपार झालेला नाही.

आपल्याकडे शाळेत सरासरी लवकर येते आणि प्रमाण विचलन अकरावीच्या सुमारास, तेही बहुधा एक सूत्र म्हणून. मधली वर्षे मुलांनी विखुरणाचा विचारच करायचा नाही का? कारखान्याने वजाबाकीने सुरुवात केली. वर्गालाही तसेच करता येईल.

वर्गात करून पाहा

मुलांना डोळे मिटायला सांगा आणि मनातल्या मनात एक मिनिट मोजायला लावा. ‘झाले’ वाटताच प्रत्येकाने हात वर करायचा. शिक्षकाने घड्याळ पाहून सेकंद लिहायचे. पाच-पाच मुलांचे गट करा, प्रत्येक गटाची सरासरी आणि विस्तार काढा आणि फळ्यावर मांडा. मग थोडा सराव देऊन पुन्हा करा. सरासरी कदाचित फारशी हलणार नाही. विस्तार बदलला का, ते मुलांनाच सांगू द्या.

आता विस्ताराची उणीव दाखवा. २०.०७, १९.९३, २०.००, २०.००, २०.०० ही तिसऱ्या मशीनची मापे घ्या. विस्तार ०.१४, अगदी दुसऱ्या मशीनइतकाच. पण इथे तीन जॉब नेमके आहेत, तिथे एकच होता. विस्तार फक्त दोन टोके पाहतो, मधल्यांची दखल घेत नाही. ‘मग सगळ्यांची दखल कशी घ्यायची?’ हा प्रश्न मुलांकडून येऊ द्या. कुणीतरी सुचवेल, की सरासरीपासूनचे फरक मिळवू. दुसऱ्या मशीनचे फरक शंभरांश मिलिमीटरमध्ये अधिक ६, उणे ६, ०, अधिक ७, उणे ७. बेरीज शून्य! कुठलेही आकडे घेतले तरी शून्यच येते. याचे कारण शोधणे हा स्वतंत्र आनंदाचा तास होईल. मग चिन्हे सोडून सरासरी काढा. पहिल्या मशीनची ०.८ येते, दुसऱ्याची ५.२ आणि तिसऱ्याची २.८. तिसरे मशीन दुसऱ्यापेक्षा बरे, हे आता आकड्यात दिसले. चिन्हे घालवायचा दुसरा मार्ग म्हणजे वर्ग करणे. त्या वाटेने गेले, की प्रमाण विचलन आपोआप भेटते.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नमुना वाढला, की विस्तारही वाढतो. टिपेट यांच्या कोष्टकाप्रमाणे १० च्या नमुन्यात तो सरासरीने प्रमाण विचलनाच्या ३.०८ पट आणि १०० च्या नमुन्यात सुमारे ५ पट होतो. म्हणून ३० मुलांच्या वर्गाचा विस्तार ६० मुलांच्या वर्गाच्या विस्ताराशी ताडून पाहू नये. कारखान्यात नमुना ठरलेला असतो, तो याचसाठी.

जाब कुणाला विचारायचा?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. एक जॉब मोठा निघाला म्हणून ऑपरेटरने हत्यार थोडे आत घेतले. पुढचा लहान निघाला, म्हणून बाहेर घेतले. माणूस मेहनती आहे, पण परिणाम उलटा होतो. नेहमीच्याच फरकांमागे असे धावले, तर फरकांच्या वर्गांची सरासरी दुप्पट होते, म्हणजे प्रमाण विचलन सुमारे १.४ पट वाढते. जपानी उद्योगांना १९५० पासून हे शास्त्र शिकवणारे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग आपल्या वर्गांत हे नरसाळ्यातून गोळी टाकून दाखवीत. शाळेतही नरसाळे आणि वाटाणा यांवर हा प्रयोग सहज होतो. खाली कागदावर फुली काढा आणि नरसाळे एका जागी ठेवून वाटाणे टाका. मग प्रत्येक वेळी वाटाणा जितका चुकला, तितके नरसाळे उलट दिशेला सरकवून टाका. दोन्ही वेळच्या खुणा शेजारी ठेवून पाहा.

याची दुसरी बाजू माणसाची आहे. मशीन जुने आहे, लोखंडाची प्रत बदलते आहे, आणि जॉब चुकला की बोलणी मात्र ऑपरेटरला. ‘नीट लक्ष दे’ असे म्हणून मशीनमध्ये मुरलेले विखुरण कमी होत नाही. ते कमी करायचे तर मशीन, माल किंवा पद्धत बदलावी लागते, आणि तो अधिकार ऑपरेटरचा नसतो. डेमिंग हे आयुष्यभर व्यवस्थापकांना सांगत राहिले. व्यवस्थित ठेवलेला आलेख कामगाराच्याही बाजूने बोलतो. हा दोष माझ्या हाताचा नाही, हे तो कागदावर दाखवतो.

हाच प्रश्न पुण्यात माणसांच्या भुकेबद्दल विचारला गेला. १९७१ साली गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरच्या आपल्या अभ्यासात माणशी रोज २२५० कॅलरी ही गरज धरली होती. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले आणि जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले पां. वा. सुखात्मे यांनी याला हरकत घेतली. गरज माणसागणिक आणि दिवसागणिक बदलते. मग सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा म्हणायचा? गरजेचे विखुरण लक्षात घेऊन सीमा सरासरीच्या बरीच खाली आखावी, असे ते म्हणत. यामुळे कागदावर भूक कमी दिसेल, खऱ्या उपाशी माणसांची संख्या झाकली जाईल, अशी कडक टीका त्यांच्यावर झाली. वाद अनेक वर्षे चालला. त्यात कुणाची बाजू घ्यावी हे इथे ठरवायचे नाही. पण सीमारेषा कुठे आखली यावर कोट्यवधी माणसे ‘उपाशी’ ठरतात किंवा ठरत नाहीत, एवढे त्यातून नक्की दिसते.

आणि आपल्या वर्गात? एखाद्या मुलाला घटक चाचण्यांत २० पैकी १३, १५, १४, १२, १४ असे गुण मिळत आले आहेत. पुढच्या चाचणीत १२ मिळाले, की आपण विचारतो, ‘का रे, घसरलास?’ नंतर १४ मिळाले, की आपल्याला वाटते, बोलल्याचा उपयोग झाला. खरे तर दोन्ही वेळा काहीच घडलेले नसते. पण त्याला ५ मिळाले, तर मात्र त्याला जवळ बसवून विचारलेच पाहिजे. कदाचित घरी आजारपण असेल, कदाचित वडिलांची कंपनी बंद पडली असेल. आणि सगळ्या वर्गाचेच गुण बाराच्या आसपास घुटमळत असतील, तर एकेका मुलाला बोलून उपयोग नाही. तिथे बदलायची असते ती शिकवण्याची पद्धत, म्हणजे जाब आपल्यालाच द्यायचा असतो.

आम्हाला वाटते, विखुरण शिकवण्याचे खरे कारण हे आहे. पुढच्या वेळी फळ्यावर सरासरी काढून झाली, की तिच्याखाली आणखी एक ओळ लिहा: सर्वांत मोठी संख्या उणे सर्वांत लहान संख्या. आणि मुलांना सांगा, घरी जाऊन आई-वडिलांना विचारा, त्यांच्या कामात किती अधिक-उणे चालते. दुसऱ्या दिवशी वर्गात जी उत्तरे येतील, तेवढ्यावर महिनाभराचे गणित निघेल.